घरगुती बुरशी

घराच्या भिंती, छत, लाकडी सामान, कपडे, पुस्तके, चामड्याच्या वस्तू, तसेच साठविलेले अन्नपदार्थ यांवर ओलाव्यामुळे वाढणाऱ्या सूक्ष्म तंतुमय कवकांना (हरितद्रव्यरहित साध्या सजीवांना) सामान्यतः ‘घरगुती बुरशी’ असे म्हणतात. ‘बुरशी’ हे कोणत्याही एका जातीचे नाव नाही. निरनिराळ्या प्रजातींतील कवकांच्या, डोळ्यांना पांढऱ्या, हिरव्या, काळ्या किंवा गुलाबी थराच्या रूपाने दिसणाऱ्या वाढीस दिलेले ते व्यवहारातील नाव होय. कवकांची बीजुके (सूक्ष्म प्रजोत्पादक घटक) हवेत सर्वत्र असतात व कोणतेही घर त्यांपासून पूर्णपणे मुक्त ठेवता येत नाही. ती रुजतील की नाही, हे मुख्यतः पाण्याच्या उपलब्धतेवर ठरते. त्यामुळे घरातील बुरशीचा विचार हा प्रत्यक्षात घरातील ओलाव्याचा विचार ठरतो.

रचना व जीवनक्रम : बुरशीचे शरीर कवकतंतू नावाच्या अतिशय बारीक, शाखायुक्त धाग्यांचे बनलेले असते. या धाग्यांच्या जाळीस कवकजाल म्हणतात. बुरशीत हरितद्रव्य नसल्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. कवकतंतू ज्या पदार्थावर वाढतात त्यावर एंझाइमे सोडतात. या एंझाइमांमुळे स्टार्च, सेल्युलोज, प्रथिने व मेद यांचे साध्या विद्राव्य (विरघळणाऱ्या) पदार्थांत रूपांतर होते व ते तंतूंकडून शोषले जातात. ही सर्व क्रिया पाण्याच्या माध्यमातूनच घडत असल्याने कोरड्या पदार्थावर बुरशी वाढू शकत नाही. पुरेशी वाढ झाल्यावर तंतूंच्या टोकांशी असंख्य बीजुके तयार होतात. बुरशीस दिसणारा रंग बहुधा या बीजुकांचा असतो. बहुतेक बीजुकांचा व्यास २ ते १० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) इतका असल्यामुळे ती हवेच्या मंद झुळकेनेही दूरवर जातात व श्वासावाटे शरीरात शिरतात.

वाढीची कारणे : बुरशीच्या वाढीस बीजुके, ऑक्सिजन, योग्य तापमान, अन्न व ओलावा या पाच गोष्टी लागतात. पहिल्या दोन घरात नेहमीच असतात. बहुतेक जातींना २०° ते ३०° से. तापमान मानवते व माणसालाही तेच सुखावह वाटते. अन्नाची गरज अत्यल्प असते. लाकूड, कागद, सुती कापड, पुस्तकबांधणीतील पिठाची खळ, रंगातील सेंद्रिय बंधक द्रव्ये, एवढेच नव्हे तर काचेवरील धूळ किंवा मोरीतील फरशीवर साचलेला साबणाचा थरही तिला पुरतो. म्हणून ज्यावर माणसाचे नियंत्रण चालू शकते अशी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे ओलावा.

घरातील ओलावा तीन मार्गांनी येतो. पहिला मार्ग म्हणजे बाहेरील पाण्याची झिरप. छताच्या कोब्यातील भेगा, फुटलेली कौले, गिलाव्यातील तडे, गळके नळ आणि मोरी-संडासाच्या फरशीतील सांधे यांतून पाणी भिंतीत मुरते. जोत्यामध्ये ओलप्रतिबंधक थर नसल्यास जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत वर चढते. कोकणात पावसाची झड लागणाऱ्या बाजूस नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधण्याची जी जुनी रीत आहे, ती या झिरपीवरील उपायच आहे.

दुसरा मार्ग म्हणजे घरातच निर्माण होणारी वाफ. स्वयंपाक, स्नान, कपडे वाळविणे व माणसांचा श्वासोच्छ्‌वास यांमुळे हवेत सतत बाष्प मिसळत असते. १ किग्रॅ. द्रवरूप पेट्रोलियम वायू जळताना सु. १·६ किग्रॅ. पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. म्हणजे १४·२ किग्रॅ. वायूची एक घरगुती टाकी संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत २२ लिटरांच्या आसपास पाणी सोडले जाते. अन्न शिजताना निघणारी वाफ याखेरीज असते.

तिसरा मार्ग संद्रवणाचा (बाष्पाचे पाणी होण्याचा) होय. हवा थंड झाली की, तिची बाष्प धरण्याची क्षमता कमी होते व तेवढ्याच बाष्पाने तिची सापेक्ष आर्द्रता वाढते. उदा., २८° से. तापमानाच्या व ७५% सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा २५° से. तापमानाच्या भिंतीशी संपर्क आला, तर भिंतीलगतच्या हवेच्या पातळ थराची सापेक्ष आर्द्रता सु. ९० टक्क्यांपर्यंत जाते आणि भिंत सु. २३° से. इतकी थंड असल्यास तिच्यावर पाणीच साचू लागते. खोलीच्या मध्यभागी हवा फारशी दमट वाटत नसतानाही बाहेरील भिंतीला लावून ठेवलेल्या कपाटामागे, खोलीच्या कोपऱ्यांत व गादीखाली बुरशी का येते, याचा उलगडा यावरून होतो. अशा जागी हवा खेळत नाही व पृष्ठभाग खोलीपेक्षा थंड असतो. वातानुकूलित खोलीच्या भिंतीच्या दुसऱ्या, दमट बाजूस बुरशी धरते तीही याच कारणाने.

मुंबई, कोकण व गोवा या किनारी प्रदेशांत पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांहून अधिक राहते. त्यामुळे तेथे झिरप नसलेल्या घरांतही चामड्याच्या चपला, पट्टे, रेशमी वस्त्रे, पुस्तके व छायाचित्रकाची भिंगे यांवर बुरशी येते. शहरांतील दाटीवाटीच्या सदनिका, बंद खिडक्या व घरातच वाळत घातलेले कपडे यांमुळे ही अडचण अधिक तीव्र होते.

सामान्य प्रकार : निरनिराळ्या जातींना लागणारा ओलावा भिन्न असल्यामुळे कोणती बुरशी आली आहे, यावरून ओलाव्याच्या प्रमाणाचा काहीसा अंदाज बांधता येतो.

ॲस्परजिलस व पेनिसिलियम या प्रजातींतील अनेक जाती तुलनेने कमी ओलाव्यावर वाढतात. ॲस्परजिलसच्या काही जाती तर ७५ टक्क्यांच्या आसपासच्या सापेक्ष आर्द्रतेतही तग धरतात. चामडे, धान्य व पुस्तकांची बांधणी यांवर प्रथम येणारी बुरशी बहुधा यांपैकीच असते. ॲस्परजिलस नायजर ही जाती काळी, तर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी दिसते. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ पी. ए. मिकेली यांनी १७२९ मध्ये या प्रजातीस नाव दिले. तिच्या बीजुकधारी टोकाचा आकार त्यांना चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या साधनासारखा वाटला होता. पेनिसिलियमची बीजुके कुंचल्यासारख्या रचनेवर माळांच्या रूपाने येतात व तिचा थर निळसर हिरवा असतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिनाचा शोध लागला तो याच प्रजातीतील एका बुरशीमुळे.

क्लॅडोस्पोरियम व अल्टर्नेरिया या प्रजातींना अधिक ओलावा लागतो. खिडक्यांच्या चौकटी, स्नानगृहाचे छत व ओलसर रंगविलेली भिंत यांवर त्यांचे हिरवट काळे किंवा तपकिरी ठिपके दिसतात. ऑरिओबॅसिडियम ही रंगाच्या थरावर व फरशीच्या सांध्यांत वाढणारी बुरशी आरंभी फिकट किंवा गुलाबीसर असून पुढे काळी पडते.

सतत भिजलेल्या कागदावर, पुठ्ठ्यावर व लाकडाच्या भुशाच्या फळ्यांवर कीटोमियम व स्टॅकिबॉट्रिस या सेल्युलोजाचे विघटन करणाऱ्या प्रजाती येतात. स्टॅकिबॉट्रिसचा थर ओला असताना चिकट व काळा असतो. या दोहोंपैकी कोणतीही आढळल्यास तेथे दीर्घकाळ पाणी मुरत असल्याचे निश्चित समजावे.

पाव, भाकरी व फळे यांवर कापसासारखी वाढणारी आणि काळ्या टाचणीच्या टोकांसारखी बीजुककोशिका धारण करणारी बुरशी ऱ्हायझोपस प्रजातीची असते. पावावर कधीकधी दिसणारी नारिंगी बुरशी न्यूरोस्पोरा प्रजातीची होय.

बुरशीसारखे दिसणारे इतर प्रकार : भिंतीवरील प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. भिंतीतील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन पाणी उडून गेल्यावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने उरतात, त्यास लोणा म्हणतात. लोण्याची ही भुकटी खरखरीत असते व पाण्यात विरघळते, बुरशी विरघळत नाही. बाहेरील भिंतीवरील हिरवा थर शैवलाचा असतो व त्यास वाढीसाठी प्रकाश लागतो. मात्र हे दोन्ही प्रकारही ओलाव्याचेच निदर्शक असल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

आरोग्यावरील परिणाम : बीजुके व कवकतंतूंचे तुकडे श्वासावाटे गेल्याने काही व्यक्तींना ॲलर्जी (अधिहर्षता) होऊन शिंका, नाक वाहणे, खोकला व दमा यांचा त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओलसर व बुरशीयुक्त घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनविकारांचे प्रमाण अधिक आढळते. परंतु अमुक संख्येपर्यंत बीजुके निर्धोक, अशी मर्यादा ठरविता येत नाही. म्हणून ओलावाच टाळावा, असे त्यांत सुचविले आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे अशा रुग्णांत ॲस्परजिलसाचे फुप्फुसांत संक्रामण होऊ शकते.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे भाड्याच्या एका सदनिकेत राहणारे दोन वर्षांचे मूल डिसेंबर २०२० मध्ये दगावले. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कामुळे उद्‌भवलेला तीव्र श्वसनविकार हे त्याच्या मृत्यूचे कारण असल्याचा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायिक चौकशीत काढण्यात आला. बुरशीविषयी तक्रार केली असता तिच्यावर रंग देण्यास सांगण्यात आले होते, असे मुलाच्या वडिलांचे म्हणणे होते. या घटनेनंतर सामाजिक गृहनिर्माण संस्थांनी अशा तक्रारींचे निवारण ठराविक मुदतीत करावे, अशी तरतूद तेथील २०२३ च्या कायद्यात करण्यात आली.

याउलट काही समजुती अतिरंजितही आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १९९३-९४ मध्ये काही अर्भकांच्या फुप्फुसांत झालेल्या रक्तस्रावाचा संबंध प्रथम स्टॅकिबॉट्रिसाशी जोडण्यात आला होता, परंतु २००० मध्ये झालेल्या फेरतपासणीत तो सिद्ध होत नसल्याचे आढळले. भारतात २०२१ मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीत ‘काळी बुरशी’ या नावाने ओळखला गेलेला म्यूकरमायकोसिस हा रोग आणि भिंतीवरील काळी बुरशी यांचीही गल्लत करू नये. तो रोग मुख्यतः ऱ्हायझोपस व तिच्याशी संबंधित कवकांमुळे होतो. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड औषधांचा अतिवापर यांमुळे त्याचा धोका वाढतो. त्याच्या नावातील ‘काळी’ हा शब्द रोग्याच्या मृत ऊतकांच्या (पेशीसमूहांच्या) रंगावरून आला आहे.

अन्नातील कवकविषे : भुईमूग, मका, खोबरे, सुक्या मिरच्या इत्यादींवर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हस व तिच्या निकटच्या जाती अफ्लाटॉक्सिने ही विषे तयार करतात. त्यांचा शोध १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशीयुक्त भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेल्यानंतर लागला. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या भागांतील आदिवासी खेड्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्यामुळे ३९७ जणांना यकृताचा विकार जडला व त्यांपैकी १०६ जण मरण पावले. अल्प प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास ही विषे यकृताच्या कर्करोगास कारणीभूत होतात. नेहमीच्या शिजविण्याने किंवा भाजण्याने ती पूर्णपणे नष्ट होत नाहीत. म्हणून बुरसलेले शेंगदाणे व खोबरे धुऊन, पुसून अथवा भाजून वापरणे धोक्याचे आहे. पावासारख्या मऊ पदार्थात कवकतंतू दिसणाऱ्या डागापलीकडे पसरलेले असल्याने तेवढाच भाग काढून उरलेला खाणेही योग्य नाही. धान्य उन्हात कडक वाळवून मगच पावसाळ्याची बेगमी करणे आणि लोणच्यावर तेलाचा थर राखून हवेचा संपर्क तोडणे, या परंपरागत रीतींना शास्त्रीय आधार आहे.

प्रतिबंध व उपाय : प्रथम ओलाव्याचा उगम शोधून तो बंद करणे आवश्यक असते. तसे न करता दिलेला रंग काही आठवड्यांतच सोलवटतो व त्याखाली बुरशी वाढतच राहते. पाणी शिरून भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळविल्यास बुरशी बहुधा धरत नाही. घरातील सापेक्ष आर्द्रता शक्यतो ६० टक्क्यांपेक्षा कमी असावी. पावसाळ्यात किनारी भागात केवळ खिडक्या उघडून हे साधत नाही, कारण बाहेरील हवाही तितकीच दमट असते. मात्र स्वयंपाकघर व स्नानगृह यांतील हवा बाहेरच्याहून अधिक दमट असल्याने तेथे वाफ बाहेर टाकणारा पंखा सदैव उपयुक्त ठरतो. कपाटे भिंतीपासून काही अंतरावर ठेवावीत. पुस्तके दाटीने रचू नयेत. भिंगे व महत्त्वाची कागदपत्रे सिलिका जेल या आर्द्रताशोषक पदार्थासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

चुन्याच्या ताज्या सफेदीचे पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारा अंक) १२ च्या आसपास असल्याने तिच्यावर बुरशी सहसा वाढत नाही. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेटात रूपांतर होऊन हा गुण हळूहळू कमी होतो. त्यामुळे दरवर्षी सफेदी करण्याची पूर्वापार प्रथा या दृष्टीनेही उपकारक होती. पाण्याची वाफ सहज पार होऊ न देणारे प्लॅस्टिक रंग ओलसर भिंतीवर दिल्यास ओल आतच कोंडली जाते.

फरशी, काच व धातू यांवरील बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून पृष्ठभाग कोरडा करावा. कोरड्या झाडूने ती झाडू नये, कारण त्यामुळे बीजुके हवेत पसरतात. विरंजक द्रवाने डाग फिका पडला, तरी गिलावा व लाकूड यांसारख्या सच्छिद्र पदार्थांच्या आतील तंतू शिल्लक राहू शकतात, शिवाय मृत बीजुकांमुळेही ॲलर्जी होऊ शकते. विरंजक द्रव अम्लयुक्त स्वच्छकात किंवा अमोनियात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. साफसफाई करताना नाका-तोंडावर मुखपट्टी व हातांत रबरी मोजे घालावेत. दम्याच्या रुग्णांनी व लहान मुलांनी त्या वेळी त्या खोलीत थांबू नये. बुरशीने पोखरलेला गिलावा, पुठ्ठा व भुशाच्या फळ्या काढून टाकाव्यात आणि भिंत पूर्णपणे वाळल्याखेरीज नवा गिलावा किंवा रंग देऊ नये.