म्हाताऱ्या कुत्र्याचं ताट
(लेखांक सहावा)

पवना धरणाच्या काठावर बंगले राखणाऱ्या कुत्र्यांचे आठवड्यात दोन संसार असतात. सोमवार ते शुक्रवार राखणदाराकडे : दूध-भाकरी, नाहीतर रात्रीच्या रश्श्यात कालवलेला भात. शनिवारी मालक येतात, अंगणात कोळसे फुलतात, आणि मग मटणाची चरबी, हाडं, चीज आणि वाटेत लोणावळ्याला घेतलेला फज. तीन वर्षांचा कुत्रा हे सगळं पचवून पुन्हा फाटकावर भुंकायला हजर होतो. दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर सोमवारी ओकतो, पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसतो, आणि मंगळवारी मालकांना फोन जातो, "सायेब, ह्यो काय खाईना." अशा वेळी पुष्कळदा स्वादुपिंड सुजलेलं निघतं. एकदम पोटात गेलेली चरबी हे त्याचं एक नेहमीचं कारण. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ती माया आपल्याकडेही असावी. वाटी मात्र म्हाताऱ्या कुत्र्यापासून लांबच ठेवावी.

त्याला काय घालावं याआधी किती घालावं हे पाहायला हवं. मावळात हा प्रश्न पावसाळ्यात जास्त अवघड होतो. जून ते सप्टेंबर लोणावळ्याच्या पट्ट्यात कुत्र्याचं फिरणं जवळपास बंद, ओलीने सांधे आखडलेले, आणि ताटातला वाढा मात्र उन्हाळ्यातलाच. गुडघ्यांवर वजन चढतं ते इथे. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर अमेरिकेत आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२, सांध्यांची दुखणीही त्यांना उशिरा लागली. अभ्यास कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीने केलेला होता, आणि निष्कर्ष कमी खाऊ घाला असा. म्हणून मला तो जास्तच पटतो. घरी मोजायचं तर काटा लागत नाही. बरगड्यांवरून तळवा फिरवा. हलक्या हाताला बरगड्या लागल्या तर ठीक. दाबून शोधाव्या लागल्या तर भात कमी करा.

भातच कमी करायचा, मांस-अंडं नाही. नेमकं इथेच आपलं उलटं होतं. 'वय झालं, आता हलकं द्या' म्हणून म्हाताऱ्याला दूध-भातावर आणतात. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, शी पातळ होते. आणि प्रथिनं तुटल्याने मागच्या मांड्या वाळत जातात. पायरी चढताना मागचा भाग लटपटतो, त्यात सांध्यांइतकाच या वाळलेल्या स्नायूंचा हात असतो. मूत्रपिंडं चांगली असतील तर म्हाताऱ्या कुत्र्याला तरुणापेक्षा थोडी जास्तच प्रथिनं लागतात.

बारा किलोच्या गावठी कुत्र्याचं दिवसाचं ताट साधारण असं : शिजवलेलं बिनहाडाचं चिकन शंभर ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर शिजलेला भात, मूठभर उकडलेला लाल भोपळा. मीठ-मसाला नाही. दोन वेळांत विभागून, कोमट द्या. नाक मंदावलेल्या कुत्र्याला वाफेबरोबर वास येतो. भात इंद्रायणीचा असला तर फारच छान. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेलं हे वाण शिजलं की चिकट होतं, बोटांनी सहज कुस्करतं, दात पडलेल्या तोंडाला सोपं जातं. तांदूळ हे काही कुत्र्याचं अन्न नव्हे, असं सांगणारे भेटतील. पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे २०१३ पासून माहीत आहे. भाताला ते सरावलेले आहेत.

या ताटात एक उणीव राहते, कॅल्शियमची. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून अधूनमधून भाताऐवजी नाचणीची पातळ लापशी बरी. पण रोजची उणीव तिने भरत नाही. धुऊन, भाजून, वस्त्रगाळ केलेली अंड्याच्या टरफलाची पूड लागते, आणि तिचं माप डॉक्टरांकडून वजनानुसार घ्यावं. शिजलेलं हाड देऊ नका. त्याचे काटे होतात.

सांध्यांसाठी सगळे हळद सुचवतात. हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फारसं शोषलं जात नाही. चिमूटभर घातल्याने बिघडत नाही, इतकंच. त्यापेक्षा बांगडा किंवा तारली उकडून, काटे काढून, आठवड्यातून एक-दोनदा. त्यातल्या ओमेगा-३ मुळे सांध्यांची सूज उतरायला मदत होते. सुकट-सुक्या बोंबलात मीठ फार.

रश्श्यातला भात मात्र बंदच. वाटणातला कांदा-लसूण शिजला तरी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडावर घाला घालतात, चॉकलेट हृदयावर. साधी शेंगदाण्याची चिक्की विष नव्हे, पण गुळाचा पाक आहे तो.

ताट बदलायचं तर सात-आठ दिवसांत, जुन्यात नवं मिसळत. आणि त्याआधी रक्त-लघवी तपासून घ्या. मूत्रपिंडं थकलेली निघाली तर वरचं सगळं गणित बदलतं : फॉस्फरस आवळावा लागतो, मांसाचं माप डॉक्टर ठरवतात, अंड्याचा पिवळा बलक जातो, पांढरा राहतो. त्या कागदावरचं क्रिएटिनिन कसं वाचायचं, ते पुढच्या आठवड्यात.