धनुष्याच्या दोन भुजा

माथेरानच्या पायथ्याशी, कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराचा कात काढणे हा या जमातीचा जुना धंदा. नावही त्यावरूनच पडले. धनुष्यबाण घेऊन रानात जाणे हेही तसेच जुने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद केली. पण शिकार गेली म्हणून धनुष्य घडवण्याची विद्या क्षुल्लक ठरत नाही. तिचे मर्म आज पाहू.

बांबूची एक फाक घ्या. बुंध्याकडे ती जाड, शेंड्याकडे पातळ. मधोमध मूठ धरून दोरी ओढली की शेंड्याकडची भुजा अधिक वाकते, बुंध्याकडची ताठ राहते. साहजिकच एकीवर फाजील ताण येतो. ती थकते, एखादे दिवशी हातातच मोडते. तेव्हा दोन्ही भुजा सारख्या वाकल्या पाहिजेत. कशा?

तासायची ती ताठ भुजा, आणि तीही पोटाकडून, म्हणजे तिरंदाजाकडच्या आतल्या बाजूने. बांबूच्या सालीलगत तंतू दाट असतात; ओढीचा ताण तेच सोसतात. त्या पाठीला पाते लावू नये.

तासायचे तरी किती? रुंदी दहाव्या हिश्शाने घटवली तर ताठपणा तेवढाच घटतो. जाडी तितकी घटवली तर मात्र तो चौथाईहून अधिक घटतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. म्हणून जाणता कारागीर चार हात खरवडतो, दोरी वीस-तीस वेळा थोडी थोडी ओढतो, आणि मगच पुन्हा पाहतो. मुठीपासून सारख्या अंतरावर दोरी व भुजा यांमधील फट दोन्हीकडे मोजली की फरक कळतो. जिथे फट मोठी, ती भुजा नरम. बाण मुठीच्या वरून सुटतो, म्हणून खालची भुजा किंचित ताठ ठेवतात; वरची फट काही मिलिमीटर मोठी असली तर तो दोष नव्हे. एखादी जागा बिजागरीसारखी दुमडत असेल, तर तिला हात न लावता तिच्या दोन्ही बाजू हलक्या कराव्यात.

आजही राष्ट्रीय तिरंदाजीत बांबूच्या धनुष्याचा स्वतंत्र गट आहे. तेथील खेळाडूचा नेम या समतोलावरच उभा असतो. आणि तासलेला बांबू पुन्हा चिकटत नाही. दुबळ्या भुजेला बळ देता येत नाही. बलवान भुजेनेच थोडे नमायचे असते. अक्षरओळख नसलेल्या हातांना हे गणित ठाऊक होते, एवढे आपण ध्यानी ठेवावे.