रुमालापासून हार्ड डिस्कपर्यंत : अभिलेखपालाचे काम (लेखांक ४)

पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर रुमालांत बांधलेले आहे. रुमाल म्हणजे कागद गुंडाळण्याचे चौकोनी कापड. पुढे गठ्ठ्यालाच रुमाल म्हणण्याची रीत पडली. आतले कागद बहुतांशी मोडीत आहेत. म्हणूनच महाराष्ट्रात अभिलेखपालाच्या कौशल्यांचा विचार या लिपीपासून सुरू करावा लागतो.

मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जाई. शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत. अक्षरे ओळखू आली तरी ती पहिली पायरीच ठरते. तारखेआधी येणारा ‘छ’ हा चंद्राचा, म्हणजे हिजरी महिन्यातल्या दिवसाचा संक्षेप आहे. वर्ष अनेकदा आकड्यांत नसून अरबी शब्दांत असते. ‘समान सबैन मया व अलफ’ म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात सुहूर सन ११७८. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७७ येते. पण हा सन मृग नक्षत्राला बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. हा हिशेब चुकला की कागद वर्षभर मागेपुढे सरकतो, आणि सूचीत पडलेले चुकीचे वर्ष पुढे अभ्यासकांच्या तळटीपांत उतरत राहते.

या वाचनाची गरज इतिहासाच्या अभ्यासकांपुरती नाही. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ठिकठिकाणच्या अभिलेख कक्षांतले गठ्ठे सुटले. जन्म-मृत्यूची नोंद असलेली कोतवाल बुके, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, महसुली कागद आणि निजामकालीन दप्तरे तपासली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकाएकी निकड भासली. जातीच्या रकान्यातल्या एका शब्दावर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असताना वाचक ऐन वेळी शोधत फिरावे लागणे ही चिंतेची गोष्ट आहे. मोडीवाचक हे अभिलेख कक्षातले कायम पद असायला हवे.

कागद वाचता आला तरी त्याची मूळ जागा मोडायची नसते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले; मराठ्यांच्या इतिहासाला त्यांचा आधार अजूनही मोठा आहे. मात्र निवड करणे हे संपादकाचे काम. अभिलेखपालाला रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद, रोजकीर्दीतच ठेवावी लागते. तिच्यातले एक पान ‘लढाया’ अशा विषयाच्या फायलीत गेले, तर आदल्या दिवशी खजिन्यातून काय गेले आणि दुसऱ्या दिवशी काय जमा झाले, हा संबंध तुटतो. तो पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य असते.

जतनाच्या कामात वय फसवे असते. अठराव्या शतकातला चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद आणि त्यावरची काजळाची शाई अजून टिकून आहे. विसाव्या शतकातले वर्तमानपत्र मात्र लाकडाच्या लगद्यातल्या आम्लामुळे हाताळताच तुटते. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतली जुनी मासिके याच दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि तिथे बहुधा एखादाच कर्मचारी देवघेव सांभाळून तीही सांभाळतो. काजळाची शाई उजेडाने उडत नाही, पण पाण्याने पसरते. म्हणून पावसाळ्यापूर्वी छप्पर तपासणे हेही जतनाचेच काम आहे. कसर आणि वाळवीवर नजर सतत ठेवावी लागते. ठिसूळ पानावर उष्णतेने प्लास्टिक चिकटवण्याचा, म्हणजे लॅमिनेशनचा, सर्रास होणारा उपाय घातक आहे, कारण ते पुन्हा सुखरूप बाहेर काढता येत नाही. खळीने चिकटवलेला पातळ जपानी कागद ओलावा देऊन सोडवता येतो.

स्कॅनिंगला सगळ्यात जास्त पैसा आणि प्रसिद्धी मिळते, पण या साखळीतला तो सोपा दुवा आहे. नुसता क्रमांक दिलेल्या हजारो प्रतिमा संगणकात पडून असतील, तर त्या न सोडलेल्या रुमालासारख्याच बंद राहतात. कोणत्या रुमालातला कागद, कोणी कोणाला लिहिला, तारीख, गाव, विषय ही नोंद प्रत्येक प्रतिमेसोबत लागते. २०१४ मध्ये मोडीचा युनिकोडमध्ये समावेश झाला, त्यामुळे लिप्यंतराशेजारी मूळ अक्षरेही टंकता येतात. जोडून लिहिलेले शब्द संगणकाकडून वाचून घेतले, तरी जाणकाराला ते तपासावेच लागतात. जिवंत माणसांची जात किंवा जन्मतारीख असलेली रजिस्टरे सरसकट खुली करायची का, याचा निर्णयही स्कॅनिंगच्या आधी घ्यावा लागतो.

आजच्या कार्यालयांत मुळातच संगणकावर जन्मणाऱ्या फायलींचा प्रश्न याहून अवघड आहे. कागदी दप्तराचे निंदणीकरण, म्हणजे ठेवायचे आणि नष्ट करायचे वेगळे काढणे, वर्षानुवर्षे रखडले तरी कागद वाट पाहत राहतो. हार्ड डिस्क तशी वाट पाहत नाही, आणि तिच्यातली फाईल उघडणारे सॉफ्टवेअरही बदलत जाते. म्हणून काय कायम ठेवायचे हे फाईल तयार होतानाच ठरवावे लागते, प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात आणि त्या उघडतात की नाही हे ठरावीक काळाने तपासून त्याची तारीख रजिस्टरात नोंदवावी लागते.