गोठ्यातलं औषध मांजराला नको!

मुरुमच्या शिवारात वस्तीवर राखणीला कुत्रं असतं, तर घरात सोयाबीन-तुरीच्या पोत्यांजवळ उंदरांच्या बंदोबस्ताला मांजर. दोघांनाही पिसवा झाल्या की गोठ्याच्या फळीवरची गोचिडाच्या औषधाची बाटली आपल्या हाताला लागते. बैलाला चालतं, मग मांजराला का नको, असं वाटतं. चूक होते ती इथंच.

जनावरांच्या गोचिडांवर सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं वापरतात. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत याच जातीचं परमेथ्रिन असतं. कुत्रं ते पचवतं. मांजराच्या यकृताला मात्र या औषधाचा निचरा लवकर करता येत नाही. मग लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात आणि जीवही जातो. शिवाय मांजर अंग चाटून साफ करतं. त्यामुळं अंगावरचं औषध थेट पोटात जातं.

फिप्रोनील हे नाव पिकाच्या औषधावरही दिसतं आणि कुत्र्या-मांजराच्या थेंबांवरही. नाव एक असलं तरी तीव्रता आणि मिश्रण वेगळं. फवारणीचं औषध जनावराच्या अंगावर टाकू नका.

मग करायचं काय? आधी पुडीवरचं प्राण्याचं नाव, वय आणि वजन वाचा. कुत्र्याची पुडी अर्धी करून मांजराला देऊ नका. वजन कळत नसेल तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. लहान पिलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध नको, बारीक दातांच्या फणीनं पिसवा काढा. आजारी किंवा गाभण प्राण्यालाही विचारूनच द्या.

थेंब केसांवर नव्हे, तर मानेच्या मागं केस बाजूला करून कातडीवर टाका. तिथं जीभ पोचत नाही. दोन दिवस आंघोळ घालू नका. औषध वाळेपर्यंत लेकरांना हात लावू देऊ नका आणि कुत्र्याला मांजरापासून दूर ठेवा. आपले हात साबणानं धुवा. पिसवा पुन्हा दिसल्या म्हणून आठवड्यात दुसरा डोस देऊ नका.

अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच. अंडी, अळ्या आणि कोष असतात ते झोपायच्या गोणपाटात, जमिनीच्या भेगांत. गोणपाट गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका, जागा झाडून काढा. एवढं केलं नाही तर औषधाचा पैसा वाया.

चुकून भलतं औषध लागलंच तर कोमट पाणी आणि सौम्य साबणानं अंग धुवा, कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि पुडी सोबत घेऊन लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्या. दूध, तेल पाजू नका, उलटी करवू नका. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

धान्य राखणारं मांजर आपल्याच हातानं गमावू नका. बाटली उघडण्याआधी लेबल वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या.