चाकावरचा बाप

बाप दोन प्रकारचे असतात. एक, ठरल्या वेळेला घरी येणारे. आणि दुसरे, "निघालोच आहे" असे फोनवर सांगणारे. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या लिहिणारा माझ्यासारखा कारकून पहिल्या प्रकारात मोडतो. माझ्या येण्यावर आमच्या गल्लीत घड्याळ लावतात. त्यामुळे घरात मला भाव नाही! जी वस्तू बाजारात रोज येते तिचा दर पडतो, हे बी.कॉम.ला शिकलो होतो. तो नियम बापालाही लागू आहे, हे लग्नानंतर कळले. ड्रायव्हर बापाची गोष्ट निराळी. तो बारा-पंधरा दिवसांनी उगवतो आणि त्याचा दर कायम चढा असतो.

बाहेरच्या माणसाला शिर्डी म्हटले की मंदिर आठवते, हार-प्रसादाची दुकाने आठवतात. पण वाचकहो, रात्री अकरानंतर नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला उभे राहून बघा. राहात्याचे पेरू, डाळिंब, लासलगावचा कांदा, आसपासच्या कारखान्यांची साखर, मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघालेले डिझेलचे टँकर, सगळे एकामागून एक चाललेले असते. आमच्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांची चूल या चाकांवर पेटते. कोणाचा नवरा ड्रायव्हर, कोणाचा भाऊ क्लीनर, कोणाचा मेहुणा हमाल. मी गाडी चालवत नाही, पण गाडीचे डिझेल, टोल, हमाली आणि ड्रायव्हरची उचल यांचा हिशेब माझ्या वहीत असतो. आणि संध्याकाळ झाली की ड्रायव्हरच्या घरचे फोनही माझ्याकडेच येतात. "जयभीम भाऊसाहेब, आमचे मालक कुठवर आलेत हो?"

ट्रकच्या मागे काय लिहिलेले असते ते पाहण्याचा मला नाद आहे. 'आई-वडिलांचा आशीर्वाद', निळ्या रंगात 'जय भीम', आणि खाली पिंकी, सोनू, राजू अशी मुलांची नावे. पूर्वी 'हॉर्न ओके प्लीज' हमखास असे. लोक विनाकारण भोंगे वाजवतात म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ते लिहायला बंदी केली. मुलांच्या नावांवर बंदी नाही, हे बरे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ती नावे असतात गाडीमालकाच्या मुलांची! ड्रायव्हर दुसऱ्याच्या पिंकी-सोनूला पाठीवर घेऊन नागपूर-मुंबई करतो. त्याचा स्वतःचा पोरगा असतो आत, स्टिअरिंगजवळ, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेल्या शाळेच्या फोटोत. गाडी मालकाची, केबिन मात्र बापाची.

असा बाप घरी येतो तेव्हाचा थाट बघावा. पहिल्या दिवशी धाकटे पोर आईच्या पदराआड जाते, कारण पाहुणा आलाय असे त्याला वाटते. पिशवीतून नागपूरची संत्री निघाली, की ओळख पटते. मग पप्पा झोपतात. पप्पा झोपले की सगळे घर बिनआवाजाचे होते. भांडे वाजवायचे नाही, टीव्ही लावायचा नाही, कुकरची शिट्टीसुद्धा दबकत झाली पाहिजे. आमच्या शेजारच्या घरी एकदा धाकट्याने खाटेखाली शिरून ट्रकच्या भोंग्याचा आवाज काढला. बिचारा बाप झोपेतच उजवा पाय दाबून ब्रेक मारू लागला! सगळे हसले. बायको मात्र हसली नाही. झोपेतसुद्धा ब्रेक मारणाऱ्या पायाला विश्रांती किती हवी, हे तिला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी बापाला बापपण आठवते. वह्या बघतो, "एवढे कमी मार्क का?" म्हणून दम भरतो. बायको शांतपणे सांगते, "अहो, ही मागच्या वर्षीची वही आहे." शाळेचा फॉर्म, रेशनकार्ड, लाइटबिल, सासूचे औषध, पोराचा ताप, सगळे तिनेच निभावलेले असते. ड्रायव्हरचे घर म्हणजे बायकोने चालवलेली गाडी. तिच्या या कामाला लायसन नाही, भत्ता नाही आणि साप्ताहिक सुटीही नाही. तिसऱ्या दिवशी बापलेकांचे सूर जुळतात न जुळतात, तोच ऑफिसातून माझा फोन जातो, "गाडी भरलीय, या." त्या घरातली पोरे मला पाहून नमस्कार करत नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही केला नसता!

काळ बदलला, हे खरे. पूर्वी आठवडा आठवडा खबर नसे. एस.टी.डी. बूथवर रांग लावून तीन मिनिटांत बाप सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारी. आता व्हिडिओ कॉलवर तो पोराचे चित्र बघतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि नाक्यावरचे ताटकळणे संपले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा ५२० किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूला पूर्ण जोडला गेला. रस्ता सुधारला, मग बाप लवकर घरी यायला लागला असेल ना? नाही हो! वाचलेल्या वेळात आणखी एक खेप बसवली गेली. रस्त्याने वाचवलेला वेळ घरापर्यंत पोचलाच नाही, मधल्या मध्येच कोणीतरी उतरवून घेतला.

याचा हिशेब सरळ आहे. मालाबरोबर ई-वे बिल असते. त्याची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे शिर्डी-नागपूरला मालाला तीन दिवस मिळतात. समृद्धीवर ट्रकला ताशी ८० ची मर्यादा. न थांबता गेले तरी साडेसहा तास लागतात. सरकार मालाला तीन दिवस देते, व्यापारी ड्रायव्हरला एक रात्र देतो! मालाची मुदत संगणक मोजतो. माणसाच्या झोपेची मुदत कोण मोजतो? सरळ, एकसुरी रस्त्यावर पहाटे डोळा लागायला एक क्षण पुरतो.

कायदा नव्हता असे नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, त्या काळातच १९४६ मध्ये कारखान्यातल्या कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरलाही दिवसाला आठ तास आणि आठवड्याला एक सुटी ठरवून दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला, पण आठ तासांचे तत्त्व तिथेही आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चांगले झाले. पण गारव्यात झोप जास्त येते, हे आमच्या सौ.नीसुद्धा लगेच सांगितले.

जानेवारी २०२४ मध्ये 'हिट अँड रन'च्या नव्या कलमातील दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. पानेवाडीचे टँकर थांबले आणि पंपांवर रांगा लागल्या. सगळा देश काळजीत असताना कितीतरी पोरे मात्र खुशीत होती, कारण नव्या वर्षाचे दोन दिवस बाप घरी होता. ज्या माणसाच्या थांबण्याने देश थांबतो, त्याला थांबायला संप करावा लागतो!

तेव्हा भगिनींनो, आणि ड्रायव्हर बंधूंनो, या कारकुनाच्या चार गोष्टी ऐका. गाडी चालू असताना घरून फोन करू नका. "थांबल्यावर कर" असा एक मिस कॉल पुरे. कामाला लागताना नेमणुकीचा कागद मागा. कागद नसला की कायद्याचे आठ तासही नसतात. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा जरूर घ्या. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण आहे. एका चहा-बिस्किटाचा तो खर्च. डोळे दरवर्षी तपासा. आणि डोळा लागू लागला तर गाडी बाजूला घ्या. शेठ ओरडेल, ओरडू द्या. शेठला दुसरा ड्रायव्हर मिळतो, पोराला दुसरा बाप मिळत नाही.

राहिला प्रश्न पोरांचा. खाटेखाली भोंगा वाजवणारा तो पठ्ठ्या परवा बापाला म्हणाला, "पप्पा, मी पण ड्रायव्हर होणार."

"हो की. पण आधी दहावी हो."

"गाडी चालवायला दहावी कशाला?"

मालवाहू गाडीच्या लायसनसाठी पूर्वी आठवी पासची अट होती, ती केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढली, हे मी मध्येच सांगितले. बाप म्हणाला, "भाऊसाहेब, सरकारनं काढली असंल, आमच्या घरात नाय काढली." मग पोराकडे वळून म्हणाला, "गाडी हातानं चालती रे. पण शेठनं पुढं केलेल्या कागदावर सही करायच्या आधी तो वाचावा लागतो. त्याला दहावी लागती."

पोराने थोडा विचार केला आणि विचारले, "मग तुम्ही वाचता का पप्पा?"

बापाने चष्म्यासाठी खिसा चाचपला. त्याची बायको आतून म्हणाली, "परवापासून वाचत्यात. मीच शिकवतेय."