चीज चालेल का? आधी पाकीट वाचूया

घरातल्या लेकराला 'सिलियाक' आजार आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की पहिली चिंता चपातीची असते. दुसरा प्रश्न लगेच येतो : डब्यात चीज दिले तर चालेल का?

हा आजार म्हणजे खाण्याचे नखरे नव्हेत. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन हे प्रथिन असते. ते पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, रक्तक्षय, वाढ खुंटणे अशी लक्षणे दिसतात. ग्लुटेन आयुष्यभर बंद करणे हाच यावरचा उपचार. मात्र नुसत्या संशयावरून गहू सोडू नका. तपासणीआधी गहू बंद केला तर आजार तपासणीत सापडत नाही.

आता चीजकडे वळू. साधे चीज दूध, मीठ, विरजण आणि दूध घट्ट करणारे एन्झाइम यांपासून बनते. त्यात ग्लुटेन नसते. धोका पुढे मिसळला जातो. चीज सॉस, स्प्रेड किंवा मसाला लावलेले चीज दाट करण्यासाठी पीठ वापरलेले असू शकते. चीज बॉलला ब्रेडचा चुरा लागतो. सँडविचच्या गाडीवर ज्या सुरीने ब्रेड कापला, तीच चीजला लागते.

म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचायची. गहू किंवा जव असल्यास तसे छापणे भारतात बंधनकारक आहे. किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल, तर त्या पदार्थाला 'ग्लुटेन-फ्री' म्हणता येत नाही. यादी इंग्रजीत असेल तर शिकलेल्या मुलांकडून वाचून घ्या. सुट्या पनीरमध्ये स्टार्चची भेसळ असू शकते. तुकडा पाण्यात उकळून, थंड करून त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर ते पनीर नको. तपासलेला तुकडा फेकून द्या.

महागडे चीज आणलेच पाहिजे असे नाही. घरी दूध फाडून केलेले पनीर आणि ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी हा उत्तम डबा आहे. भाकरीचे पीठ मात्र गव्हानंतर त्याच चक्कीवर दळू नका. उपचाराच्या सुरुवातीला दुधाने पोट फुगत असेल तर डॉक्टरांना सांगा. आतडे भरून आले की हा त्रास बहुधा कमी होतो.

शेवटी एक मनातले. 'तुमच्या हातचे खात नाही' या शब्दांचा घाव आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या सोसला आहे. त्यामुळे विहारात किंवा पाहुण्यांकडे मुलाने ताट नाकारले तर मन दुखावते. पालकांनी कारण मोकळेपणाने सांगावे आणि यजमानांनी आग्रह करू नये. बुद्ध पौर्णिमेला तांदळाची खीर वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने केली, तर ते मूलही सर्वांच्या पंगतीत बसून जेवेल.

जय भीम!