शाल, श्रीफळ आणि ग्रुप फोटो

'ए, आठ पानं लिहायचीत. पैसे बरे आहेत. विषय एकदम फील गुड आहे गं!'

एजन्सीतल्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा महिन्याची पंचवीस तारीख होती. आणि पंचवीस तारखेनंतर फ्रीलान्सर माणसाला सगळेच विषय फील गुड वाटतात. पुण्याबाहेर, हायवेला लागून असलेली एक सीनियर लिव्हिंग सोसायटी. (नाव नाही सांगत, का ते पुढे कळेलच.) त्यांना ब्रोशर हवं होतं. आम्ही नुसत्या इमारती नाही बांधत, आसपासच्या लोकांत मिसळतो, हे दाखवणारं. इंग्लिशमध्ये म्हणतात ना, कम्युनिटी इन्व्हॉल्व्हमेंट. तेच ते.

आता 'वृद्धाश्रम' म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते जरा बाजूला ठेवा. इथे क्लब हाउस आहे, फिजिओ आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे आणि पलंगाशेजारी इमर्जन्सीचं बटण आहे. पुण्यात 'अथश्री'सारखे प्रकल्प येऊन बरीच वर्षं झाली, आता तर शहराच्या चारी दिशांना अशा होर्डिंग्ज दिसतात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते आणि त्यातले १ कोटी ११ लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे मार्केट आहे, बॉस! आणि मार्केट आलं की ब्रोशर आलंच.

तिथला मार्केटिंगवाला माझ्याच वयाचा. कॉफी मागवली आणि पेन ड्राइव्ह हातात ठेवला. 'सगळं यात आहे. तू फक्त शब्द घाल.'

घरी येऊन बघितलं. २१२ फोटो. भला मोठा पुठ्ठ्याचा चेक, तो धरून उभे असलेले सहा जण. ब्लँकेटवाटप. वृक्षारोपण, म्हणजे एक रोप आणि त्याला हात लावणारे अकरा लोक. एका आयटी कंपनीची पोरं एकसारखे टी-शर्ट घालून आजी-आजोबांबरोबर अंताक्षरी खेळताहेत. (तुमच्याही ऑफिसातून असा दिवस निघतो ना? माझ्या मैत्रिणीने तर तीन वर्षांत चार वेळा त्याच आजींना राखीपौर्णिमेला ओवाळलंय. आजींना आता ती पाठ झालीये, आजींचं नाव तिला अजून माहीत नाही.)

पण मला खटकलं ते वेगळंच. जे लोक तिथे राहतात ते फोटोंत कुठे होते? पुढच्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. अंगावर शाल, हातात श्रीफळ. २१२ पैकी एकाही फोटोत त्यांच्यातलं कुणी काही करत नव्हतं. देणारी कंपनी, घेणारे गरीब, आणि ही मंडळी मधल्या मध्ये टाळ्या वाजवायला. चाळीस-चाळीस वर्षं बँका, शाळा, रेल्वे, हॉस्पिटलं चालवलेली माणसं ही!

म्हणून पुन्हा गेले, पण या वेळी आत नाही. गेटसमोरच्या टपरीवर कटिंग घेतला आणि चहावाल्याला विचारलं, 'आत काय काय चालतं हो?'

'काय की ताई. वॉचमन आपल्याला आत सोडत नाय.' मग गाळणं आपटता आपटता म्हणाला, 'पण ते बँकवाले काका लई भारी माणूस. माझ्या लोनचा फॉर्म त्यांनीच भरला.'

लोन म्हणजे पीएम स्वनिधी. फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेली योजना, पहिलं कर्ज तेव्हा दहा हजारांचं होतं. फॉर्म, आधारला जोडलेला मोबाइल नंबर, बँकेचे हेलपाटे... या सगळ्यात हा गडी अडकला होता. आतले एक निवृत्त बँक अधिकारी रोज सकाळी फिरून येताना इथे चहा घ्यायचे. त्यांनी बाकड्यावर बसून ते करून दिलं. मग शेजारच्या भाजीवालीचं. मग पंक्चरवाल्याचं. पेन ड्राइव्हमध्ये याचा एक फोटो नव्हता, कारण ऑफिसला हे माहीतच नव्हतं.

काकांनीच मला पुढचा पत्ता दिला. 'आमच्या बी विंगमधल्या बाईंना भेटा. त्या शाळेत जातात.'

शाळा जिल्हा परिषदेची, गेटपासून चालत सात मिनिटांवर. बाई म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मंगळवारी आणि शुक्रवारी जातात, पाचवीच्या पोरांचे अपूर्णांक घेतात. आणि कसे घेतात म्हणता? पावकी, निमकी, पाऊणकी! आपल्या आज्यांच्या पिढीने पाठ केलेले ते पाढे, सोबत घरून आणलेली एक भाकरी. भाकरीचे चार तुकडे, त्यातले तीन उचलायचे, ही पाऊण. 'चार पाऊण किती?' 'तीऽऽन!' मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात हिशोब करत होते आणि पोरांचं उत्तर माझ्याआधी येत होतं. (मास कम्युनिकेशनवाल्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका.)

मुख्याध्यापिकांनी एक वही दाखवली. साधी, शंभर पानी. बाई आल्या ती तारीख, काय शिकवलं, किती मुलं होती. दोन वर्षांच्या नोंदी, आणि मध्ये दीड महिना कोरा.

'तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्यांचं,' मुख्याध्यापिका म्हणाल्या. 'पोरं भेटायला गेली होती. नाही सोडलं.'

झालं असं की नऊ पोरं शाळा सुटल्यावर पेरू घेऊन गेटवर गेली. वॉचमनकडे रजिस्टर होतं. नाव, गाडी नंबर, मोबाइल नंबर, कुणाकडे. पोरांकडे ना गाडी ना मोबाइल. नियम म्हणजे नियम. पोरं पेरू टपरीवर ठेवून घरी गेली, आणि संध्याकाळी बँकवाल्या काकांनी ते बाईंना नेऊन दिले.

खरं सांगते, माझं ब्रोशर तिथेच कोसळलं. ज्यांच्यात मिसळतो म्हणून आठ पानं छापायची, ती माणसं गेटवरून परत पाठवायची?

तिकडे नेदरलँड्समध्ये, डेव्हेंटर नावाच्या गावात, ह्युमानिटास हे ज्येष्ठांचं निवासस्थान आहे. २०१२-१३ च्या सुमारास त्यांनी कॉलेजच्या काही पोरांना तिथेच खोल्या दिल्या, भाडं शून्य. अट एकच, महिन्याला तीस तास चांगला शेजारी म्हणून वागायचं. गप्पा, एकत्र जेवण, कुणाला ईमेल शिकवणं. जगभरातल्या पेपरांनी येऊन लिहिलं त्यावर. आणि इतकं लांब तरी कशाला जा? तुमच्या एरियातला ज्येष्ठ नागरिक संघ आठवा. बागेतला कट्टा, सकाळचा हास्यक्लब, वाचनालय, पासासाठी मदत. महाराष्ट्रात अशा संघांची फेस्कॉम ही शिखर संस्था १९८० पासून आहे. संघाला गेट नसतं, हा त्यांचा मोठा फायदा.

मी मार्केटिंगवाल्याला सगळं सांगितलं. तो उडालाच. 'सही आहे यार! कव्हरवर हाच फोटो. बाई, भाकरी आणि पोरं!'

बाईंना विचारायला मीच गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. 'हे बघ बाळ, शाळेत मी माझ्यासाठी जाते. मंगळवार आला की सकाळी उठावंसं वाटतं, एवढंच. माझं नाव फ्लॅट विकायला नको. आणि पोरांचे फोटो? त्यांच्या आईबापांना विचारलंस?'

नव्हतं विचारलं. कान लाल झाले माझे.

मग आम्ही तिघांनी, म्हणजे मी, तो मार्केटिंगवाला आणि काकांनी, टपरीवर बसून दुसराच प्लॅन केला. आठ पानांची दोन पानं. पोरांचे चेहरे नाहीत, बाईंचं नाव नाही. मुख्याध्यापिकांच्या वहीचं एक पान जसंच्या तसं, त्यांच्या परवानगीने. चहावाल्याची चार वाक्यं त्याच्याच भाषेत. आणि गेटबाहेर मराठीत एक फळा: शनिवारी दहा ते बारा फॉर्म भरून मिळतील, वाचनालय चार ते सहा सगळ्यांसाठी उघडं, गावातल्या ज्येष्ठांचं बीपी पहिल्या सोमवारी. माझं म्हणणं एवढंच होतं की जे खरंच दर आठवड्याला होतं तेच लिहा. वर्षातून एकदा होतं त्याला इव्हेंट म्हणतात.

साहेब लोकांना हे 'प्रीमियम' वाटलं नाही. पुठ्ठ्याचा चेक एका कोपऱ्यात राहिलाच. फॉर्म आणि वाचनालय मान्य झालं, बीपीचं अजून 'विचाराधीन' आहे. माझं मानधन दोन पानांचंच मिळालं, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही कधी आईबाबांसाठी अशी जागा बघायला गेलात, तर सॅम्पल फ्लॅट बघाच, पण आधी समोरच्या टपरीवर चहा घ्या. आत राहणाऱ्या किती जणांना तो माणूस नावाने ओळखतो ते विचारा. गेटवरचं रजिस्टर चाळा, कुरिअर आणि गॅसवाला सोडून कोण कोण येतं ते दिसेल. शक्य असेल तर दिवाळीच्या आठवड्यात नका जाऊ, साध्या मंगळवारी जा.

मागच्या महिन्यात मी बाबांना घेऊन गेले. गेटवर चार पोरं रजिस्टरमध्ये नावं लिहीत होती. मोबाइल नंबरच्या रकान्यात एकाने 'पाचवी अ' लिहिलं आणि वॉचमनने बघून न बघितल्यासारखं केलं. बाबांचं अजून काही ठरत नाही, त्यांना मेंटेनन्स जास्त वाटतोय. आई मात्र अकाउंट्सची माणूस, बत्तीस वर्षं ऑफिसात आकडेमोड केलेली. परतताना गाडीत एकदम म्हणाली, 'ती शाळा आपल्या घरापासून किती लांब पडेल गं?'